इहीणबाईच्या मागं पोहताना

माझं माहेर शिरूर अनंतपाळच्या अलीकडचं एक बारकं गाव, नाव सांगून तुम्हाला कळणार न्हाई आणि कळून उपेग न्हाई, एस.टी. सुद्धा तिथं थांबायची ती ड्रायव्हरला तंबाखू मळायची असली तर. त्यातलाच एक ड्रायव्हर पुढं माझा मालक झाला, पण ते नंतरचं. आम्ही चौघी बहिणी, भाऊ न्हाई. मळ्यात पायऱ्यांची विहीर व्हती आणि पाणी आणायला आम्हीच जायचो, तर बापाला सारखी फिकीर, एखादीचा पाय घसरला तर काढायला कोण धावंल. मग त्यानं काय केलं, तेलाचा रिकामा डबा घेतला, झाकण डांबरानं बंद केलं, सुतळीनं पाठीला बांधला आणि एकेकीला ढकलून दिलं. थोरलीला, मग दुसरीला, मग मला. गावात बोंब झाली, पोरींना बेडक्या करायला का म्हणून. बाप म्हणला, बेडकी बुडाल्याचं ऐकलाव का कुणी. संपलं.

त्या विहिरीत रीत म्हणून एकच व्हती, उडी टाकायच्या आधी वराडायचं, सरका गं सरका, आणि मग टाकायची. पुढं कोण मागं कोण ही भानगडच नव्हती, विहीर गोल, गोलात पुढं काय आणि मागं काय. हे मी तुम्हाला का सांगून राहिले, कारण माझं सगळं पोहणं त्या गोल पाण्यातलं, आणि पुढं जी फजिती झाली ती सरळ पाण्यात झाली.

एकोणिसाव्या वर्षी लातूरला दिली. मालक चार चार दिवस गाडीवर, घरी शिलाई मशीन. तीस वर्षं मी ब्लाऊज शिवले, लातुरातल्या निम्म्या बायकांच्या पाठी मला तोंडपाठ हाईत, चेहरा आठवत न्हाई पण पाठ बघितली की सांगते, ही छत्तीसची, डावा खांदा उतरलेला. पायाची मशीन, दिवसभर पाय मारायचे, तर गुडघे गेले. डॉक्टर नवा पोरगा, लई गोड बोलायचा, म्हणला काकू, चालायचं कमी करा, पोहायला जा. मी म्हटलं डॉक्टरसाहेब, लातुरात नळाला आठ आठ दिवसांनी पाणी येतंय, आमच्या दारात पिंपं भरून ठेवलीत, आणि तुम्ही पोहा म्हणताव. तो म्हणला, तलावाला नळ लागत न्हाई काकू, एकदा भरला की तेच पाणी गाळून गाळून वापरतात. आता हे ऐकून कुणाला उल्हास येईल, तुम्हीच सांगा. पण गेले.

बायकांची बॅच अकराची. पोहायचा ड्रेस आणि टोपी घ्यायला गेले तर दुकानातल्या पोरीनं विचारलं काकू साईज, आणि काय सांगू तुम्हाला, तीस वर्षं दुसऱ्याची मापं घेणारी मी, मपलं स्वतःचं माप मोठ्यानं सांगायची मला लाज वाटली. शेवटी कानात सांगितलं. तिनं मोठ्यानं वराडून आतल्या माणसाला सांगितलं.

पहिल्या दिवशी शिट्टीवाल्या मॅडमनं सगळ्यांना काठावर बसवून रीत समजावली. पाण्यात दोऱ्या ताणलेल्या, दोऱ्याला रंगीत गोळे, दोन दोऱ्यांच्या मधली ती लेन. एका लेनीत पाच-सहा बायका. जाताना डावी बाजू धरायची, परत येताना पण आपली डावीच, म्हंजे कुणाचं डोकं कुणाला लागत न्हाई. मधोमध चालायचं न्हाई. भिंतीशी थांबायचं तर कोपऱ्यात थांबायचं, बाकीच्यांना वळायला जागा ठेवायची. मागून येणारी जोराची असली तर भिंतीशी तिला म्हणायचं, जा बाई पुढं. आणि आपल्यालाच पुढं जायचं असलं तर पुढच्या बाईच्या पायाला हळूच बोट लावायचं, ती समजून घेती. घरी मालकांना सांगितलं तर ते एवढे खूश झाले, म्हणले ही तर आमचीच रीत, डावी बाजू धरा, मागच्याला साईड द्या, फक्त हॉर्नच्या जागी बोट. मला मात्र ते खुरपणीसारखं वाटलं. खुरपायला बायका लागल्या की प्रत्येकीची एक पात असती, आपापल्या पातीतून सरकत जायचं. फरक एवढाच, शेतात जिची पात आधी संपती ती उलटी फिरून मागं राहिलेलीच्या पातीला हात लावती, तिला एकटी सोडत न्हाई. तलावात तसं न्हाई, पुढं गेली ती गेली.

मॅडमनं माझं पोहणं बघितलं आणि सरळ तिसऱ्या लेनीत टाकलं, जोराच्या बायकांत. तिथं कॉलेजच्या दोन पोरी, एक बँकेतल्या मॅडम आणि पन्नाशी ओलांडलेली मी. मला लई गर्व झाला, खोटं कशाला बोलू. दोन महिन्यांत गुडघे पण हलके झाले, जिना चढताना देवाचं नाव घ्यायचं बंद झालं.

आता माझ्या लेकीचं सांगते, कारण सगळं तिच्यापाशीच येऊन थांबतं. शीतल, एकुलती एक, नर्सिंग केलेली. मागच्या वर्षी लातुरातच दिली, चार गल्ल्या सोडून. जावई निलंग्याकडं साखर कारखान्यावर, आठवड्याला एकदा घरी. घरात सासू आणि शीतल दोघीच, सासरे तीन वर्षांमागं वारले. सासूचं किराणा दुकान, घराच्या पुढच्या खोलीत, स्वतः गल्ल्यावर बसतात. कलावतीबाई त्यांचं नाव, पण मी इहीणबाईच म्हणते. बोलायला कमी, वजनाला पक्क्या, तराजू हलायचा थांबल्याशिवाय पुडी बांधायच्या न्हाईत. त्यांना शुगर, तर शीतलनंच मागं लागून त्यांना तलावावर घातलं, शिकाऊ बायकांत. उन्हाळाभर पाटी धरून पाय हलवून शिकल्या आणि मॅडमनं त्यांना पहिल्या लेनीत घेतलं, हळूच्या बायकांत. तेवढ्यात शीतलला नांदेडच्या दवाखान्याचं पत्र आलं. नर्सची नोकरी, पक्की, दीड महिन्याच्या आत हजर व्हा म्हणून. नांदेड म्हंजे रोज येणं-जाणं न्हाई, तिथं खोली घेऊन राहावं लागणार, सुटीला यायचं.

जावई म्हणला, माझी ना न्हाई, आईला विचार. शीतलनं विचारलं. इहीणबाई म्हणल्या, बघू.

काय सांगू तुम्हाला, त्या बघूनं माझं अन्न गोड लागंना. न्हाई म्हणलं असतं तर भांडता आलं असतं, हाव म्हणलं असतं तर पेढे वाटता आले असते, बघूला माणसानं काय करावं. एक आठवडा बघू, दोन आठवडे बघू. मग माझ्या डोक्यानं एक डाव काढला. मी लहानपणापासून हुशार, त्यानंच माझं वाटोळं झालंय. म्हटलं, लग्नात आपण यांची पंगत आधी बसवली, यांचा मान पहिला ठेवला, तसाच मान पाण्यात ठेवावा, बाई आपोआप मऊ पडंल. म्हणून मी तिसरी लेन सोडली आणि पहिल्या लेनीत येऊन इहीणबाईच्या मागं लागले.

अहो, त्या पोहायच्या मधोमध. एक हात पाण्यात, एक हात दोरीकडं, पाच हात गेलं की दोरी धरायच्या, दम खायच्या, परत निघायच्या. मागं आम्ही चौघी-पाचजणी, बैलगाडीच्या मागं ट्रॅक्टर अडकावे तशा. भिंतीशी पोचल्या की मधी उभ्या, मागं वळून बघायच्या आणि मग निघायच्या. मला वाटायचं, मान बरोबर पोचायला का न्हाई ते बघायलेत. मी मान हलवायचे. मॅडम वरून म्हणायच्या, काकू, त्यांच्या पायाला बोट लावा आणि पुढं व्हा की. आता मुलीच्या आईनं मुलाच्या आईच्या पायाला पाण्यात बोट लावून म्हणायचं का, सरका, मला घाई हाय. मी आपली मागं पाणी तुडवत, पोहण्याचं नाव, खरं तर उभ्यानं सायकल मारल्यासारखं. आठ दिवसांत गुडघे परत धरले. बँकेतल्या मॅडम तिसऱ्या लेनीतून वराडायच्या, अहो काकू, तुम्ही तिकडं काय करायलाव, रिटायर झालाव का. मी म्हणायचे, दम लागतोय ओ. दम कुणाला लागत व्हता, माझा तर जीव अडकला व्हता.

असे तीन आठवडे गेले. इहीणबाई मऊ काही पडल्या न्हाईत. पाण्यातून निघाल्या की म्हणायच्या, चला, आणि रिक्षात बसायच्या.

मग तो बुधवार. सोमवारी हजर व्हायची शेवटची तारीख. सकाळी शीतलचा फोन आला. रडली असती तर बरं झालं असतं, ती रडली न्हाई. म्हणली, आई, राहू दे, मी दवाखान्याला कळवून टाकते येत न्हाई म्हणून, घरात कशाला वाईट. एवढं शहाण्यासारखं बोलली आणि फोन ठेवून दिला. मी तशीच तलावावर गेले, तशीच पाण्यात उतरले, पुढं इहीणबाई, मधोमध, एक हात दोरीकडं. आणि मला काय झालं ते मला आजपतोर कळलं न्हाई. हात सुटले. विहिरीत सोडायचे तसे सुटले. मी मान खाली घातली आणि निघाले, डोक्यात एकच, सोमवार, सोमवार, सोमवार. पलीकडची भिंत लागली, वळले, परत आले, परत गेले. मधी कुणाला तरी माझा हात चाटून गेला, पाणी उडालं, मी थांबले न्हाई. किती फेऱ्या मारल्या देव जाणे. शिट्टी ऐकू आली तेव्हा डोकं वर काढलं.

खोल पाण्याच्या टोकाला इहीणबाई दोन्ही हातांनी दोरीला लटकलेल्या. तोंड पांढरं. मॅडम काठावरून त्यांना काठी देऊन राहिल्या. बँकेतल्या मॅडम टाळ्या वाजवून राहिल्या, काकू, काय स्पीड हाय ओ तुमचं, दोनदा ओलांडलं तुम्ही त्यांना, दोनदा!

दोनदा. एकदा ओलांडलं असतं तर चुकून म्हणता आलं असतं.

इहीणबाई वर आल्या, माझ्याकडं बघितलं पण न्हाई, ओल्या केसांनी रिक्षात बसून गेल्या. मी घरी येऊन मालकांना सांगितलं तर ते कपाळाला हात लावून म्हणले, अगं, ओव्हरटेक केलं ते केलं, ते पण डावीकडून का. मी म्हटलं तुम्हाला बाजूचं पडलंय, इथं लेकीचा संसार बुडायलाय. संध्याकाळी शीतलचा फोन, आई, तू काय केलंस, आत्याबाई जेवल्या न्हाईत, दुकान पण उघडलं न्हाई. आता बघा, जी बाई नवऱ्याच्या तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी दुकान उघडून बसली, तिनं माझ्यामुळं दुकान बंद ठेवलं.

गुरुवारी माफी मागायला निघाले. हातात काय न्यावं. पेढे न्यावे तर शुगर. साडी न्यावी तर वाटंल लाच द्यायली. डोकं चालंना, तर माहेरची तूर डाळ घरात व्हती, तीच दोन किलो पिशवीत बांधली. किराणा दुकानदारिणीला तुरीची डाळ! दुकानात शिरले तेव्हा कळलं, कारण पिशवी ठेवायला जागा बघितली ती तुरीच्या पोत्याशेजारीच सापडली. इहीणबाईंनी पिशवी बघितली, मला बघितलं, म्हणल्या, बसा.

मी बसले न्हाई. हात जोडले. म्हटलं इहीणबाई, माझं चुकलं, मुलीच्या आईनं पुढं जायला नको व्हतं, तुमचा मान ठेवायला मी कमी पडले, माझा राग माझ्या लेकीवर काढू नका.

त्या म्हणल्या, कशाचा मान?

म्हटलं, मी तीन आठवडे तुमच्या मागं पोहायले ते.

त्या म्हणल्या, ते मानासाठी व्हतं व्हय? आणि मग ती कमी बोलणारी बाई जी बोलायला लागली, काय सांगू तुम्हाला. म्हणल्या, शकूताई, मला पाण्याचं लई भ्या वाटतंय. शीतलला सांगितलं न्हाई, मॅडमला सांगितलं न्हाई, या वयात कुणाला सांगायचं. खोल पाणी आलं की मी अर्ध्यातूनच परत फिरायचे. तुम्ही मागं आल्या तवापासून मी त्या टोकाला जायला लागले. भिंतीशी गेले की मागं बघायचे, तुमची निळी टोपी दिसली की परत निघायचे. म्हटलं बुडाले तरी हे माणूस पोहणारं हाय, काढंल. काल मधीच मान फिरवली तर टोपी न्हाई. आणि तोंडावर पाणी मारून कोण गेलं बघितलं, तर तुम्हीच.

मी खालीच बसले, तुरीच्या पोत्यावर.

तीन आठवडे मी मान देऊन राहिले आणि त्या बाईला मान नकोच व्हता, मागं माणूस पाहिजे व्हतं. मी त्यांची मान वळलेली बघायचे आणि मनात म्हणायचे, बघा, ठसका बघा सासूचा.

त्या तराजूची साखळी हातात धरून बोलायल्या, माझ्याकडं न बघता. म्हणल्या, घरी पण तेच हाय. हे गेले तवापासून मागं कुणी न्हाई. पोरगा कारखान्यावर. शुगर उतरून दोनदा या गल्ल्यावरच पडले, दोन्ही बारला शीतलनं साखर घातली तोंडात, म्हणून हाय. तिला हाव कसं म्हणू? आणि न्हाई तरी कसं म्हणू, तिनं रात्र रात्र अभ्यास केलाय, माझ्या भ्यामुळं मी तिला आडवी येऊ का? म्हणून बघू म्हणले. दुसरं काय म्हणणार व्हते.

आतल्या दारात शीतल चहाचे कप घेऊन उभी. तिनं सगळं ऐकलेलं. मी लेकीचं तोंड बघितलं, इहीणबाईचं तोंड बघितलं. भांडायला आले असते तर काही तरी बोलता आलं असतं. भित्र्या माणसाशी काय भांडणार. आणि मग माझ्याच तोंडातून शब्द निघाला, मी बोलले का कुणी माझ्या तोंडातून बोललं मला म्हायत न्हाई. म्हटलं, मी हाय की. मी राहते मागं. तलावावर पण, इथं पण.

इहीणबाई म्हणल्या, रोज?

मी म्हटलं, रोज.

शीतल म्हणली, आई, तुझी मशीन? तुझी गिऱ्हाइकं?

इहीणबाईंनी आधी दुकानाचा उजवा कोपरा बघितला, तिथं तेलाचे डबे ठेवलेले. म्हणल्या, हे डबे मागं सरकवले तर मशीन बसतीय. तराजूसारखं मोजून सांगितलं.

सोमवारी मालक स्वतः शीतलला घेऊन नांदेडला गेले, एस.टी.नं, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून सगळ्या वाटंनं त्या ड्रायव्हरच्या चुका काढत. शीतल वेळेवर हजर झाली. आणि त्याच दिवशी दुपारी टेम्पोतून माझी मशीन इहीणबाईच्या दुकानात आली.

आता दोन महिने झालेत. सकाळी मी तलावावर जाते, पहिल्या लेनीत इहीणबाईच्या मागं राहते. बाकीच्या बायकांना मी भिंतीशी थांबून म्हणते, जा बाई पुढं, त्या जातात. बँकेतल्या मॅडम आता आम्हाला काही म्हणत न्हाईत, नुसत्या हसतात. इहीणबाई भिंतीशी वळल्या की विचारतात, हाय का? मी म्हणते, हाव, हाय. मग निघतात. डॉक्टर म्हणतो काकू, गुडघे परत बिघडले, जोरात पोहा, संथ पोहून उपेग न्हाई. मी म्हणते बघू. दुपारभर दुकानात, एका हातानं ब्लाऊज, एका डोळ्यानं इहीणबाई. शुगर उतरायला लागली की त्यांच्या कपाळावर घाम येतो, ते मला आता लांबून कळतं. एकदा कळलं पण, वेळेवर. दुकानाचं गिऱ्हाईक मला विचारतंय अर्धा किलो पोहे केवढ्याला, आणि इहीणबाई माझ्या ब्लाऊजच्या गिऱ्हाइकाला सांगतात, हाताला जरा सैल ठेवून घ्या, पुढं अंग भरतंय. त्यांचं बरोबर असतंय, ते अजून वाईट.

परवा शीतलचा व्हिडिओ फोन आला, पांढऱ्या कपड्यात, मागं पलंगांची रांग. चेहरा कसा उजळलेला, काय सांगू. फोन माझ्या हातातून इहीणबाईनंच घेतला. दुकानात चार माणसं उभी, त्यांना दाखवला, आमची सून, नांदेडला नर्स हाय. मग तिला विचारलं, जेवलीस का. ती म्हणली आत्याबाई, या रविवारी ड्यूटी लागलीय, पण मी बदलून घेते, येते, तुम्ही एकट्या असताव. तर इहीणबाई काय म्हणल्या, कशाला बदलतीस, येऊ नकोस, नोकरी नवीन हाय. माझी काळजी करू नको, तुझी आई हाय की इथं, ती कुठं जाती.

खरंच हाय म्हणा. मी कुठं जाणार. लेक पाण्यात उतरली, तिला तिची वाट मिळाली, देव तिला तशीच सरळ नेवो आणि तिच्या मागं कुणी तरी असो. तिची ड्यूटी आठ तासांची. माझी किती तासांची, ते मी विचारलं न्हाई आणि इहीणबाई सांगणार न्हाईत. चला, उठते आता, पावणेअकरा झाले, त्या तलावाच्या गेटापाशी पिशवी धरून उभ्या असतील, मी आल्याशिवाय त्या आत पाय टाकत न्हाईत.